गरोदरपणातले वजन आणि बाळंतपणाची धास्ती

आईचे वजन आणि गरोदरपणातली चिंता यांचे नाते एकमार्गी नाही. जादा वजनामुळे काही स्त्रियांची चिंता वाढते. चिंतेमुळे काहींचे खाणे आणि झोप बिघडून वजन वाढते किंवा घटते. आणि कित्येकींना वजनापेक्षा वजनावरून ऐकावे लागणारे बोलच अधिक जाचतात. महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन्ही टोके शेजारी शेजारी नांदतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आहेत, तर सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा जाड. एकाच दवाखान्याच्या एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी एकीला ‘वजन भरत नाही’ म्हणून आणि दुसरीला ‘किती वाढलंय’ म्हणून बोलणी बसतात. दोघीही घरी जाताना मनात एकच प्रश्न घेऊन जातात: माझ्यामुळे बाळाला काही होणार नाही ना?

काट्यावरचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. तो उंचीशी ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी बीएमआय काढतात: किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. दीड मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण चार फूट अकरा इंच उंचीच्या स्त्रीचे वजन ४५ किलो असेल तर तिचा बीएमआय २० येतो. तेवढ्याच उंचीची दुसरी स्त्री ५८ किलोंची असेल तर तो २५.८ भरतो. जगभर १८.५ ते २४.९ ही पातळी योग्य मानतात. भारतीयांच्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असल्याने इथले डॉक्टर २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात.

गरोदरपणात किती वजन वाढावे, याचे उत्तरही सुरुवातीच्या वजनावर ठरते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेले आकडे जगात सर्वाधिक वापरले जातात. कृश स्त्रीसाठी साडेबारा ते १८ किलो, योग्य वजनाच्या स्त्रीसाठी साडेअकरा ते १६, जादा वजनाच्या स्त्रीसाठी सात ते साडेअकरा आणि स्थूल स्त्रीसाठी पाच ते नऊ किलो. ही वाढ नेमकी कुठे जाते, हे फार थोड्या गरोदर स्त्रियांना कुणी समजावून सांगते. बाळाचे तीनेक किलो, वारेचे अर्धा-पाऊण किलो, गर्भजलाचे सुमारे एक किलो, वाढलेल्या गर्भाशयाचे आणखी जवळपास एक, जादा रक्ताचे सव्वा ते दीड, भरलेल्या स्तनांचे सुमारे अर्धा, शिवाय अंगात साठलेले पाणी. आणि उरलेली तीन-चार किलो चरबी, जी पुढे अंगावरच्या दुधासाठी कामी येते. एवढा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तरी ‘मी नुसती फुगत चालले आहे’ ही भावना बरीच निवळू शकते. प्रसूतीनंतर लगेच यातले पाच-सहा किलो उतरतात. बाकीचे उतरायला महिने लागतात, आणि तसे ते लागणारच.

आता चिंतेविषयी. पोटातल्या जिवाची काळजी वाटणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप न लागणे हा काही आजार नव्हे. पण काळजी दिवसभर पाठ सोडत नाही, छातीत धडधड होते, श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो, कामात मन लागत नाही, बाळ हलते आहे की नाही हे तासातासाला चाचपून पाहावेसे वाटते आणि हे आठवडेच्या आठवडे चालते, तेव्हा तो चिंताविकार असू शकतो. २०१७ मध्ये ३४ देशांतल्या शंभरावर अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणात चिंतेची लक्षणे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे २३ टक्के, तर निदानाच्या कसोटीला उतरणारा चिंताविकार असलेल्या सुमारे १५ टक्के आढळल्या. तरीही हे दुखणे सहज नजरेतून सुटते, कारण धडधड, धाप आणि जागरण ही लक्षणे गरोदरपणातही असतातच. ‘दिवस गेल्यावर असं व्हायचंच’ एवढे बोलून घरचे विषय संपवतात. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकारही हीच सोंगे घेऊन येतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासल्याखेरीज सगळे मनावर ढकलणेही चूक ठरते.

चिंतेचा एक प्रकार खास बाळंतपणाचाच आहे. कळांची, फाटण्याची, मरण्याची किंवा बाळ दगावण्याची इतकी पराकोटीची भीती, की स्त्री गर्भधारणाच टाळते किंवा पहिल्या भेटीतच सिझर मागते. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्येच या भीतीची नोंद केली होती. तिला टोकोफोबिया हे नाव देऊन क्रिस्टिना हॉफबर्ग आणि इयन ब्रॉकिंग्टन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी २००० मध्ये तिचे रीतसर वर्णन केले. काहींना ही भीती पहिल्या गरोदरपणाआधीपासून असते, तर काहींच्या मनात ती एका कठीण बाळंतपणानंतर घर करते. ती मोजण्यासाठी स्वीडनमध्ये तयार झालेली ३३ प्रश्नांची विज्मा प्रश्नावली वापरतात. तिच्यात १६५ पैकी ८५ किंवा अधिक गुण आले, तर भीती तीव्र समजतात.

वजन आणि चिंता यांचा संबंध सर्वांत ठळकपणे दाखवणारा आढावा लंडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला. त्यात ६२ अभ्यास आणि पाच लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. योग्य वजनाच्या गरोदर स्त्रियांत उदासीनतेची लक्षणे शंभरात साधारण २३ जणींत दिसली, जादा वजनाच्यांत २९ आणि स्थूल स्त्रियांत ३३ जणींत. चिंतेबाबत स्थूल स्त्रियांचे शक्यता-गुणोत्तर (ऑड्स रेशो) योग्य वजनाच्या स्त्रियांच्या तुलनेत १.४१ निघाले. हा आकडा वाचताना घाई होते आणि ‘चाळीस टक्के जाड बायका चिंताग्रस्त’ असा भलताच अर्थ निघतो. खरा अर्थ असा: योग्य वजनाच्या शंभर जणींत २० जणींना चिंता असेल, तर स्थूल शंभर जणींत ती साधारण २६ जणींना असेल. म्हणजे जादा वजन असलेल्या बहुतेक स्त्रियांचे मन ठीकच असते, आणि योग्य वजनाच्या स्त्रीलाही चिंता गाठू शकते. वजन पाहून मनाचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे आहे. मनाविषयी विचारावे लागते, आणि ते सगळ्यांनाच.

संबंध आहे, तर तो का? काही कारणे शरीरातली आहेत. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल भूक वाढवते, गोड-तेलकट खावेसे वाटायला लावते, आणि पोटाभोवती चरबी साठवते. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे जाड स्त्रियांत जास्त; त्यामुळे रात्र सरली तरी विश्रांती होत नाही, आणि अपुऱ्या झोपेइतके चिंतेला पोषक दुसरे काही क्वचितच सापडेल.

दुसरे कारण खऱ्या धोक्यांचे आहे. वजन जास्त असले की गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब, सिझर, टाक्यांत पू होणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे यांची शक्यता वाढते. हे लपवून चालत नाही. पण सांगितले जाते ते बहुधा अर्धवट आणि घाईत. ‘हाय रिस्क’ असा लाल शिक्का फाइलवर बसतो, तपासण्या वाढतात, आणि कोणती तपासणी कशासाठी हे कुणीच नीट सांगत नाही. पोटावरच्या चरबीमुळे सोनोग्राफीचे चित्र धूसर येते, बाळाचे हृदय नीट दिसत नाही, म्हणून आठवड्याने परत बोलावतात. डॉक्टरांच्या लेखी ही साधी बाब. आईच्या लेखी तो आठवडा म्हणजे बाळाच्या हृदयात काही बिघाड असल्याची खात्रीच. ‘चित्र स्पष्ट आलं नाही, बाळात दोष दिसलेला नाही’ हे एक वाक्य तिथल्या तिथे सांगितले, तर तो आठवडा वाचतो.

रक्तदाब मोजताना हा गुंता आणखी जवळून दिसतो. दंडाला बांधायचा पट्टा नेहमीच्या मापाचा असेल आणि दंड जाड असेल, तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त रक्तदाब दाखवते. त्यात स्त्री घाबरलेली असेल, धापा टाकत जिना चढून आलेली असेल, तर आकडा आणखी वर जातो. तो पाहून ती जास्त घाबरते, आणि पुढच्या वेळी पट्टा बांधण्याआधीच तिची छाती धडधडू लागते. मोठ्या मापाचा पट्टा, पाच मिनिटे शांत बसवणे आणि मग पुन्हा मोजणे, एवढ्याने खरा रक्तदाब आणि भीतीचा रक्तदाब वेगळे करता येतात. अशी पाच मिनिटे गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत, ही अडचण खरी; पण चुकीच्या आकड्यावर सुरू झालेले औषध आणि भरती त्याहून महाग पडतात.

तिसरे कारण बोलण्याचे. घरात ‘दोघांचं खा’ म्हणून ताटात तूप वाढले जाते आणि तपासणीला गेल्यावर ‘एवढं कसं खाता?’ असे विचारले जाते. सासू आणि डॉक्टर यांच्या परस्परविरोधी आज्ञांत सापडलेल्या सुनेने काहीही केले तरी कुणाचा तरी शब्द मोडतोच. वजनावरून झालेला अपमान स्त्रीला दवाखान्यापासून तोडतो. ती पुढची तपासणी लांबवते, काट्यावर उभे राहायच्या दिवशी उपाशी जाते आणि घरी येऊन रागाने किंवा दुःखाने जास्त खाते. लाजवून कुणाचे वजन उतरत नाही, उलट वाढते, हे वजनाच्या अपमानावर झालेल्या संशोधनातून वारंवार दिसले आहे.

कमी वजनाच्या टोकाला पुरावा इतका एकसारखा नाही, पण प्रश्न लहान नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा जो अभ्यास केला, त्यातल्या स्त्रिया गर्भधारणेआधी सरासरी ४२ किलोंच्या आसपास होत्या आणि त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची. ही बाळे दिसायला किडकिडीत होती, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी टिकून होती; पुढे मधुमेहाकडे नेणारी ही ठेवण ‘थिन-फॅट’ या नावाने जगभर ओळखली जाते. याच अभ्यासात आईच्या आहारातल्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या वाढीशी अधिक जवळचा संबंध दिसला. ‘घास घशाखाली उतरत नाही, बाळ वाढणार कसं?’ या धास्तीत असलेल्या बारीक स्त्रीला ही गोष्ट धीर देणारी आहे. जेवणाचा ढीग वाढवण्याआधी त्यात मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, पेरू आणि कपभर दूध येऊ शकते.

बाळंतपणाच्या भीतीने वजनच कमी राखले जाते, अशीही एक वाट आहे आणि ती जुनी आहे. बाळ मोठे झाले तर ते अडेल, फाडावे लागेल, म्हणून शेवटच्या महिन्यांत हात आखडून खावे, ही समजूत भारतातल्या अनेक भागांत आढळते. प्रसूती जिवावर बेतू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी काढलेला तो तोडगा होता. दवाखाना दूर आणि सिझर अशक्य असण्याच्या काळात त्यामागची भीती खोटी नव्हती. आज मात्र त्यातून कमी वजनाचे, अशक्त बाळ जन्माला येते. अशा स्त्रीला ‘जास्त खा’ असे नुसते बजावून उपयोग होत नाही. तिची भीती खाण्याची नसून अडण्याची आहे, आणि अडलेच तर रुग्णवाहिका कुठून येईल, कुठे नेतील, याचे उत्तर तिला आधी हवे असते.

उपासमार स्वतःच मन पोखरते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचे निरीक्षण केले. वजन चतुर्थांशाने घटेपर्यंत ही माणसे चिडखोर, उदास, बेचैन झाली आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. ते पुरुष होते आणि स्वेच्छेने आले होते. भारतातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकींचे अर्धपोटी राहणे स्वेच्छेचे नाही. त्यांच्या थकव्याला आणि घाबरेपणाला ‘स्वभाव’ म्हणणे अन्यायाचे आहे.

भीती प्रसूतीच्या खोलीतही सोबत येते. कळांच्या सुरुवातीला अॅड्रिनॅलिन फार वाढले, तर गर्भाशयाचे आकुंचन मंदावू शकते. नॉर्वेत दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणाची तीव्र भीती असलेल्यांच्या कळा सरासरी दीड तास जास्त चालल्या. इतर कारणे वजा केल्यावरही ४७ मिनिटांचा फरक उरला. स्थूल स्त्रियांत गर्भाशयाचे तोंड उघडायला मुळातच जास्त वेळ लागतो. त्यामुळे जाड आणि घाबरलेल्या स्त्रीच्या बाबतीत दोन्ही उशिरांची बेरीज होते, खोलीतल्या सगळ्यांचा धीर सुटतो आणि सिझरचा निर्णय लवकर होतो. सिझर गरजेचे असेल तर ते जीव वाचवते. पण जाड स्त्रीला आणखी दोन तास देण्याने ते टळू शकते का, हा प्रश्न विचारण्याआधीच तिला टेबलावर घेतले जाणे योग्य नव्हे.

या खोलीत सर्वांत स्वस्त औषध म्हणजे ओळखीचे माणूस. कळांच्या वेळी आई, बहीण, नवरा किंवा अनुभवी बाई सतत सोबत असली तर प्रसूती थोडी लवकर होते आणि सिझर कमी होतात, हे अनेक देशांतल्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करते, आणि भारत सरकारने सरकारी रुग्णालयांतही सोबतिणीला परवानगी दिलेली आहे. तरी अजून कितीतरी ठिकाणी ती दाराबाहेरच उभी असते.

बाळंतपणानंतर वजन पुन्हा पुढे येते, आणि या वेळी दोघांचे. स्थूल आईला दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तेवढ्यात बाळ रडते, नातेवाईक ‘दूध पुरत नाही’ म्हणतात आणि वरच्या दुधाची बाटली येते. दर तपासणीला बाळाचे वजन म्हणजे आईच्या लायकीची परीक्षा होऊन बसते. दुसरीकडे सव्वा महिन्याचा बाळंतिणीचा खुराक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वर तूप आणि चालणे-फिरणे बंद. म्हणजे गरोदरपणातली चरबी तशीच राहते आणि कधी तिच्यात भर पडते. अळीव आणि डिंक टाकून देण्याचे कारण नाही. दिवसाला एक लाडू पुरे, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर घरातल्या घरात चालणे सुरू करावे, एवढा बदल परंपरेला सहज पेलण्याजोगा आहे.

गोव्यात म्हापशाच्या एका रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास करून २००२ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता उदासीनतेने ग्रासलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्यात मोठा वाटा होता. अशा मातांची बाळे सहा महिन्यांची होईतो वजनात मागे पडलेली आढळली. उदासीनता आणि चिंता बहुधा हातात हात घालून येतात, म्हणून दोन्हींचा शोध एकत्रच घ्यावा लागतो.

तो शोध घेणे अवघड नाही. १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली मराठीतूनही विचारता येते. तिचे तीन प्रश्न थेट चिंतेचे आहेत. आशाताई किंवा नर्सबाई वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहितात, त्याच कार्डावर ‘गेल्या दोन आठवड्यांत विनाकारण भीती किंवा काळजी वाटली का?’ याचे उत्तर लिहायला अर्धे मिनिट लागते. होकार आला, तर पुढची पायरी सौम्य असते: नियमित गप्पा, झोपेची शिस्त, रोज अर्धा तास चालणे, घरच्यांना समजावणे. गोव्यात ‘सखी’ म्हणून प्रशिक्षण दिलेल्या वस्तीतल्याच स्त्रियांनी उदासीन गरोदर बायकांना घरी जाऊन भेटण्याचा प्रयोग झाला. ज्यांना सखीची साथ मिळाली, त्यांच्यात बरे होणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. त्रास मोठा असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ बाळाला चालतील अशी औषधे निवडून देऊ शकतात. आधीपासून चालू असलेली गोळी दिवस गेल्याचे कळताच स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे आहे. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

जादा वजनाच्या स्त्रीने गरोदरपणात वजन उतरवायच्या मागे लागू नये. वाढ आटोक्यात ठेवणे एवढेच उद्दिष्ट. बेल्जियममध्ये स्थूल गरोदर स्त्रियांवर झालेली एक चाचणी या बाबतीत बोलकी आहे. एका गटाला नेहमीची तपासणी, दुसऱ्याला माहितीपुस्तिका आणि तिसऱ्याला सुईणीबरोबर चार गटसत्रे मिळाली. त्या सत्रांत कुणावर दोष न ठेवता खाणे, हालचाल आणि भीती यांविषयी बोलणे होत असे. पुस्तिका आणि सत्रे या दोन्ही गटांत वजनवाढ कमी राहिली. चिंता मात्र केवळ सत्रांच्या गटात कमी झाली, आणि नेहमीच्या तपासणीच्या गटात वाढली. कागदाने वजन आवरले, पण भीती घटायला समोर बसून ऐकणारे माणूस लागले.

वजन उतरवायला आणि भीती निवळायला दोन बाळंतपणांमधला काळ सर्वांत सोयीचा असतो. स्वीडनमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणादरम्यान बीएमआय तीन किंवा अधिक अंकांनी वाढलेल्यांत रक्तदाब, मधुमेह, सिझर आणि मृत बाळाचा जन्म यांचे प्रमाण वाढलेले दिसले. आधी ज्यांचे वजन योग्य होते, त्यांच्यातही. दीड मीटर उंचीच्या स्त्रीसाठी तीन अंक म्हणजे पावणेसात किलो. पहिल्या बाळंतपणाची धास्ती मनात असेल, तर त्या वेळची फाइल घेऊन डॉक्टरांसमोर बसावे आणि तेव्हा नेमके काय आणि का घडले, ते विचारून घ्यावे. कळा का लांबल्या, सिझर का करावे लागले, या खेपेला काय वेगळे करता येईल, याची उत्तरे दुसऱ्यांदा दिवस जाण्याआधी मिळाली तर पुढच्या नऊ महिन्यांची सुरुवात कमी भीतीने होते.